जुनी १ टीबी भरली, नवी ४ टीबी बसवली: डेटा हलवायचा आहे आणि सी ड्राइव्ह वाढवायचा आहे

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

वाईत आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, देवस्थानांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका अशी कामं असतात. मशीन २०१४ सालचं. तेव्हा विंडोज ७ होतं, त्यावरच पुढे १० चढवलं. आत १ टीबीची हार्ड डिस्क आहे आणि तिचे भाग दुकानदाराने तेव्हा पाडून दिले तसेच आहेत: सुरुवातीला सिस्टिम रिझर्व्हड १०० एमबी, मग सी ९७ जीबी, मग ४५० एमबीचं रिकव्हरी म्हणून काहीतरी, पुढे डी ४१६ जीबी आणि ई ४१६ जीबी.

सी मध्ये जेमतेम २ जीबी उरलेत, पट्टी कायम लाल. डी मध्ये सगळी कामं, ३८० जीबी. ई मध्ये स्कॅन केलेले फोटो आणि घरचं, २९० जीबीच्या आसपास.

दिवाळीची कामं सुरू व्हायच्या आत हे मार्गी लावावं म्हणून ४ टीबीची नवी डिस्क आणली. भाच्याने केबल जोडून दिली. आता तीन ठिकाणी अडले आहे.

एक, ई मधले १०० जीबी श्रिंक करून मोकळे केले. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते फिकट हिरवे दिसतात. पण सी वर राइट क्लिक केलं तर एक्स्टेंड व्हॉल्यूम पुसटच. दाबताच येत नाही.

दोन, नवी डिस्क ४ टीबीची घेतली, पण तिचे २०४८ जीबी आणि १६७८ जीबी असे दोन तुकडे दिसतात. पहिल्याला फॉरमॅट मारता आला, दुसऱ्यावर काहीच करता येत नाही. डिस्क खराब दिली का?

तीन, पेजमेकरच्या (पानं मांडायच्या प्रोग्रॅमच्या) फायलींत सगळे फोटो डी आणि ई वरून लिंक केलेले आहेत. डेटा नव्या डिस्कवर नेला की दहा वर्षांच्या फायली फोटो शोधत बसतील, ही सगळ्यात मोठी भीती.

कृपया नीट समजावून सांगा. मी करेन, फक्त घाई नको.

---

चकती | सोमवार, रात्री ९:५८

ताई, बाकी जाणकार सांगतीलच. तोवर एकच सांगतो: काहीही हलवायचं तर कॉपी करा, कट-पेस्ट नाही. कट करताना मध्येच अडकलं तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे होतं आणि काय कुठे राहिलं ते कळत नाही.

---

वेगवान | सोमवार, रात्री १०:१५

यात एवढं काही नाही. पार्टिशनची फुकट सॉफ्टवेअर मिळतात. डी ची डावी कड उजवीकडे ओढायची, मोकळी जागा सी ला जोडायची, अप्लाय दाबायचं. मी वीसेक मशीनवर केलंय, कधी अडचण आली नाही. नवी डिस्क मग नुसती साठवणीला वापरा.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:३०

कृष्णाकाठ, तुमची डिस्क खराब नाही. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी सी चं. पार्टिशन म्हणजे शेताच्या पट्ट्या समजा, एकाच रांगेत, बांधाला बांध लागून. विंडोजचं स्वतःचं साधन सी ला फक्त लगेच उजवीकडच्या बांधाला लागून असलेली मोकळी जमीन देऊ शकतं. तुम्ही मोकळी केलीत ती ई च्या पलीकडे, रांगेच्या शेवटी. मध्ये रिकव्हरी आहे, मग सगळा डी, मग ई. शिवाय फिकट हिरवा रंग सांगतो की ती जागा एक्स्टेंडेड पार्टिशनच्या कुंपणाच्या आत आहे. खरोखर मोकळी जागा काळ्या पट्टीची दिसते आणि तिच्यावर अनअलोकेटेड असं लिहिलेलं असतं.

हे कुंपण का आलं? तुमच्या जुन्या डिस्कची आखणी एमबीआर पद्धतीची आहे. तिच्यात मुख्य पार्टिशन चारच बसतात. त्याहून जास्त हवी असतील तर चौथ्या जागी एक मोठं एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात डी, ई असे उपविभाग पाडतात.

आता नव्या डिस्कचे दोन तुकडे. तीही एमबीआर म्हणून सुरू केली गेली. एमबीआरमध्ये सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात. एक सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर गणित बरोबर २०४८ जीबीला संपतं. त्यापुढची जागा डिस्कवर आहे, पण तिचा पत्ता लिहायला आकडेच उरत नाहीत. उपाय म्हणजे जीपीटी, ही आखणीची दुसरी, नवी पद्धत. ही डिस्क अजून रिकामी आहे ना? मग तिच्यावरचं व्हॉल्यूम डिलीट करा, डावीकडे जिथे डिस्क १ लिहिलंय तिथे राइट क्लिक करा आणि कन्व्हर्ट टू जीपीटी निवडा. हे रिकाम्या डिस्कवरच चालतं, त्यामुळे कॉपी सुरू करण्याआधीच करून टाका. विंडोज जुन्या पद्धतीने एमबीआर डिस्कवरून सुरू होत असलं तरी साठवणीची डिस्क जीपीटी असायला काही हरकत नाही. मग एकच सलग ३७२६ जीबी दिसेल. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून ४ टीबीचे ३७२६ जीबी. कुणी फसवलेलं नाही.

कन्व्हर्ट करताना डिस्क ० आणि डिस्क १ यांची अदलाबदल होऊ देऊ नका. आकारावरून ओळखा आणि कागदावर लिहून ठेवा.

वेगवान यांनी सांगितलेली पद्धत चुकीची नाही, पण इथे मला ती नको वाटते. डी ची डावी कड सरकवायची म्हणजे ३८० जीबी डेटा त्याच डिस्कवर उचलून पुढे ठेवायचा. पडद्यावर कड ओढायला दोन सेकंद लागतात, आत डिस्कचा हात कित्येक तास मागेपुढे धावत असतो. नवी कोरी डिस्क शेजारी बसलेली असताना जुन्या डिस्कवर एवढी उलथापालथ कशाला? आधी डेटा बाहेर काढू, तो नीट पोचला हे पाहू, आणि मगच नव्या जागेवर हव्या तशा सीमा आखू.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम: क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) उतरवून घ्या आणि जुन्या डिस्कचा रंग कोणता दिसतो ते इथे कळवा. दहा वर्षांहून जुनी डिस्क आहे.

---

तांबडीमाती | मंगळवार, सकाळी ७:१०

रात्रपाळींना माझं पूर्ण अनुमोदन, आणि ते अनुभवातून.

मी सावंतवाडीकडच्या एका शाळेत शिकवते. २०१९ साली शाळेच्या संगणकावर हेच केलं होतं. डी लहान करून सी मोठा करत होतो. ६१ टक्क्यांवर लाईट गेली. आमच्याकडे पावसात ती जाणारच, हे मला माहीत असायला हवं होतं. परत चालू केल्यावर डी रॉ, म्हणजे विंडोजला न ओळखता येणारा, दाखवायला लागला. त्यात मुलांनी गावातल्या आजीआजोबांकडून म्हणून घेतलेल्या दशावताराच्या आणि फुगडीच्या गाण्यांची दोन वर्षांची रेकॉर्डिंग होती. फोटोरेक या फायली परत मिळवायच्या प्रोग्रॅमने बरंच काही बाहेर काढलं, पण ते नावं परत देत नाही. एफ आणि पुढे सात-आठ आकडे अशी हजारभर फायलींची रास मिळाली. कुठलं गाणं कुठल्या आजीचं, हे ऐकून ऐकून लावत बसलो. त्यातल्या दोन आजी तोवर गेल्या होत्या.

ताई, इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडवर लाईट जाते आणि इन्व्हर्टर घेतो त्या मधल्या क्षणात संगणक बंद पडू शकतो.

---

वेगवान | मंगळवार, सकाळी ९:०५

तांबडीमाती, वाचून वाईट वाटलं. मी केलेली वीस मशीन ऑफिसची होती, यूपीएसवरची, आणि सगळ्यांचा बॅकअप सर्व्हरवर होता. ते मी आधी लिहायला हवं होतं. ज्यांच्याकडे हे दोन्ही नाही त्यांनी माझा पहिला प्रतिसाद धरू नये.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी १:२०

नवी डिस्क जीपीटी केली, ३७२६ जीबी सलग दिसली. जीव भांड्यात पडला.

पण क्रिस्टलडिस्कइन्फोत जुनी डिस्क पिवळी आहे. कॉशन लिहिलंय. खाली सी५ पुढे करंट पेंडिंग सेक्टर काउंट, त्याचा आकडा ८. ०५ समोर शून्य. हे किती गंभीर आहे? चेकडिस्क चालवू का? इन्व्हर्टरचं बटण साध्या मोडवरच होतं, आता बदललं.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १:४५

चेकडिस्क आत्ता चालवू नका. कृपया.

सी५ मधला ८ म्हणजे आठ सेक्टर वाचताना डिस्कला दाद देत नाहीत. डिस्कने ते संशयित म्हणून बाजूला नोंदवले आहेत. त्या जागी पुन्हा लिहिता आलं तर नोंद निघून जाते, नाही आलं तर डिस्क राखीव जागेतला दुसरा सेक्टर वापरते आणि मग ०५ चा आकडा वाढतो. आठ म्हणजे फार नाहीत. अशा अवस्थेत डिस्का वर्षभरही चालतात आणि आठवड्यात जातातही, त्यामुळे अंदाज बांधण्यात अर्थ नाही. चेकडिस्कची सखोल तपासणी आख्खी डिस्क कानाकोपऱ्यापर्यंत वाचून काढते. आजारी डिस्कला तो ताण डेटा बाहेर काढल्यानंतर द्यावा, आधी नाही.

जुन्या डिस्कवर आता श्रिंक, एक्स्टेंड, डीफ्रॅग यातलं काहीही नाही. तिच्यावरून फक्त वाचायचं. सगळ्यात मोलाचं आधी.

नव्या डिस्कवर दोन पार्टिशन करा, कारण तुमच्या लिंक डी आणि ई या दोन अक्षरांवर टांगलेल्या आहेत. तुमच्या जागी मी कामांसाठी १५०० जीबी ठेवले असते आणि उरलेलं सगळं फोटोंसाठी. न्यू सिंपल व्हॉल्यूम आकार एमबीत विचारतं, म्हणून १५३६००० टाका. तात्पुरती अक्षरं पी आणि क्यू द्या. फाइल सिस्टिम एनटीएफएस. नाव मात्र ठळक द्या, ‘नवी कामं’, ‘नवे फोटो’. रात्री दमलेल्या डोळ्यांना अक्षरापेक्षा नाव लवकर दिसतं.

---

जुनाखिळा | मंगळवार, दुपारी ४:३०

मी सोलापुरात चाळीस वर्षं छपाईत काढली. खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, नंतर संगणक आले. आपल्या धंद्यातलं एक सांगतो, हे संगणकवाले सांगणार नाहीत.

कॉपी सुरू करण्यापूर्वी फॉन्टची यादी करा. आपल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. तो ठरावीक फॉन्ट नसेल तर स्मरणिकेच्या जागी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते, फाइल शाबूत असूनही काही उपयोग नाही. फॉन्ट सी ड्राइव्हवर विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये असतात, डी कॉपी केल्याने ते येत नाहीत. तो आख्खा फोल्डर वेगळा उतरवून ठेवा. लिपीच्या सॉफ्टवेअरचं डाँगल (परवान्याची चावी) असेल तर त्याचा ड्रायव्हर आणि मूळ सीडी कुठे आहे तेही आजच शोधा. काही सॉफ्टवेअरचा परवाना हार्ड डिस्कच्या क्रमांकाला बांधलेला असतो, नवी डिस्क दिसली की ते परत नोंदणी मागतं. विक्रेत्याला आधीच विचारलेलं बरं.

तुमच्या हातचं काम आहे, होईल व्यवस्थित.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०:५०

काका, फॉन्टचा फोल्डर आधी उतरवला. डाँगलची सीडी सासऱ्यांच्या कपाटात सापडली.

पी आणि क्यू तयार आहेत. डी मधून साधी कॉपी सुरू केली तर १० टक्क्यांतच अडकली. डेस्टिनेशन पाथ टू लाँग म्हणते. फोल्डरची नावं मराठीत आहेत, पण इतकी काही लांब नाहीत. गावाचं नाव, संस्थेचं नाव, वर्ष, कार्यक्रम असं एकात एक.

---

सातासमुद्रापार | मंगळवार, रात्री ११:२०

हा प्रश्न मराठीत नावं ठेवणाऱ्यांनाच पडतो, म्हणून मुद्दाम लिहितो. माझ्या आईच्या फोटोंच्या बाबतीत मी यात दोन रात्री घालवल्या होत्या.

विंडोजमधल्या बऱ्याच साध्या प्रोग्रॅमना पूर्ण पत्ता २६० चिन्हांपर्यंतच चालतो, ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेवटच्या टिंबापुढच्या अक्षरांपर्यंत. आपल्याला ‘श्रीक्षेत्र’ तीन अक्षरांचं दिसतं. संगणक मोजतो: श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. अकरा! ‘स्मरणिका’ चार अक्षरांची, तिथे आठ. जोडाक्षरं आणि काना-मात्रा सगळे वेगवेगळे मोजले जातात. पाच-सहा फोल्डर एकात एक गेले की २६० कधी भरतात कळत नाही.

रोबोकॉपी ही कॉपी करायची आज्ञा विंडोजमध्येच असते आणि तिला हा अडथळा नाही.

पुढे कधी लिनक्सवर नेणार असाल तर तिथला हिशोब आणखी कडक आहे. एक्स्ट४ वर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हं. निमंत्रणपत्रिकेचा पूर्ण मथळा फाइलला नाव म्हणून दिलेला असेल तर तो तिथे बसणार नाही.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:५५

सातासमुद्रापार, हे मलाही इतकं नेमकं माहीत नव्हतं. आभार.

ताई, रोबोकॉपीची आज्ञा अशी बांधा. इथे मराठीत सांगतो, टाइप इंग्रजीत करायची. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. रोबोकॉपी, मग कुठून (डी कोलन बॅकस्लॅश), मग कुठे (पी कोलन बॅकस्लॅश). पुढे स्लॅश ई, म्हणजे रिकाम्या फोल्डरांसकट सगळं. स्लॅश डीकॉपी कोलन टी, म्हणजे फोल्डरांच्या जुन्या तारखा टिकतील. स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १. स्लॅश एक्सडी देऊन सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन आणि रिसायकल बिन वगळा, पहिल्या नावात मोकळ्या जागा आहेत म्हणून ते अवतरणचिन्हांत लिहा. शेवटी स्लॅश लॉग देऊन नोंद सी वर नाही, क्यू वर ठेवा.

आर आणि डब्ल्यू विसरू नका. ते दिले नाहीत तर रोबोकॉपी न वाचता येणाऱ्या फायलीवर दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. आजारी डिस्कला एकाच दुखऱ्या जागी तेवढा वेळ खरवडत ठेवणं फार वाईट.

आणि आंतरजालावर स्लॅश एमआयआर घाला असं सांगणारे बरेच सापडतील. एमआयआर म्हणजे आरसा. ‘कुठून’ मध्ये जे नाही ते ‘कुठे’ मधून पुसून टाकतो. दोन अक्षरांची अदलाबदल झाली तर रिकाम्या डिस्कचा आरसा तुमच्या भरलेल्या डिस्कवर पडेल. या कामात त्याची गरजच नाही.

आधी डी, ती पूर्ण झाल्यावर ई. दोन्ही एकदम लावू नका, जुन्या डिस्कचा हात दोन टोकांना फिरवला जाईल.

---

दुरुस्तीवाला | बुधवार, सकाळी ८:२०

मशीनचं झाकण उघडं ठेवून बाजूला टेबलफॅन लावा. बाकी सगळं बरोबर चाललंय.

---

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी ३:१५

डी ला साडेतीन तास लागले, ई ला अडीच. मध्ये एकदा लाईट गेली, सात मिनिटं. काही झालं नाही.

ई पूर्ण आला, फेल्ड खाली शून्य. डी मध्ये फेल्ड ३. नोंदीत नावं मिळाली. दोन जुन्या लग्नपत्रिका आहेत, त्यांची चिंता नाही. तिसरी २०१६ च्या एका स्मरणिकेतला टिफ फोटो आहे. जवळच्या गावातल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची ती स्मरणिका. फोटोत एक कीर्तनकार बुवा वीणा घेऊन उभे आहेत, मागे जुना लाकडी सभामंडप. तो सभामंडप आता नाही, बुवाही नाहीत. मूळ फोटो मी स्वतः स्कॅन केला होता, १२०० डीपीआयला, काचेवर ठेवताना कोपऱ्याची घडी हाताने सरळ केली होती ते आठवतं.

पुन्हा रोबोकॉपी चालवली तर ती फाइल निघेल का?

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी ३:४०

एकदा चालवून बघा. आधी पोचलेल्या फायली ती वगळते, फक्त राहिलेल्या तीनवर जाते. मशीन तासभर बंद ठेवून, थंड झाल्यावर. नाही निघाली तर पुन्हापुन्हा करू नका.

त्यापुढची पायरी म्हणजे लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू, आजारी डिस्कवरून डेटा काढायचं साधन. ते जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, दुखरे भाग शेवटी ठेवतं आणि कुठपर्यंत आलो याचा नकाशा फायलीत लिहून ठेवतं, त्यामुळे मध्ये थांबवून परत सुरू करता येतं. टिफ फायलीत एखादा सेक्टर गेला तर कधी कधी चित्रावर फक्त एक बारीक पट्टी खराब येते, ती फोटोशॉपमध्ये भरता येते. तांबडीमातींनी फोटोरेक वापरलंय, त्या मार्गदर्शन करतील.

---

जुनाखिळा | बुधवार, संध्याकाळी ६:००

आधी त्या देवस्थानच्या लोकांना फोन करा. स्मरणिकेचे मूळ फोटो मंडळी जपून ठेवतात. आणि त्या वेळी छपाईला पाठवलेली पीडीएफ तुमच्या ईमेलच्या पाठवलेल्या पत्रांत असेल.

---

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ९:३०

दुसऱ्या फेरीत एक लग्नपत्रिका निघाली. टिफ नाही.

काकांच्या सांगण्यावरून फोन केला. बुवांच्या सुनेने फोन घेतला. म्हणाल्या, फोटो देवघराच्या वर लावलाय, काचेतून काढून देते, या. आज जाऊन आले. मागच्या पुठ्ठ्यावर माझ्याच हातची पेन्सिलची खूण होती, पान १४, उजवीकडे. परत स्कॅन केला आणि त्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवला.

आता अक्षरं बदलायची. भीती वाटते म्हणून थांबले आहे.

---

रात्रपाळी | गुरुवार, रात्री १०:१०

खूप छान केलंत.

अक्षरांच्या आधी पोचलेला माल तपासा. डी आणि पी वर सगळे फोल्डर निवडून प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या जुळते का बघा. मग वेगवेगळ्या वर्षांच्या वीसेक फायली पी वरून उघडा. संख्या जुळणं वेगळं आणि फाइल उघडणं वेगळं.

मग क्रमाने: जुन्या डी ला एक्स हे अक्षर द्या, जुन्या ई ला वाय. मग पी ला डी, क्यू ला ई. जुनं अक्षर सुटल्याशिवाय नवं त्याच अक्षरावर बसत नाही, म्हणून हाच क्रम. विंडोज बजावेल की काही प्रोग्रॅम चालणार नाहीत. इथे तो इशारा मानायची गरज नाही, कारण लगेच त्याच अक्षरावर तोच डेटा येतोय. एकच अडचण येऊ शकते. सी भरल्यामुळे कुणी पेजफाइल (विंडोज मेमरीला जोड म्हणून वापरतं ती फाइल) डी वर हलवलेली असेल तर डी चं अक्षर बदलू देणार नाही. तसं झालं तर ती तात्पुरती बंद करून मशीन परत चालू करा.

पेजमेकर फक्त पत्ता बघतो, तो पत्ता कुठल्या डिस्कवर आहे हे त्याला कळत नाही. म्हणून लिंक तुटणार नाहीत.

आता सी. आजारी डिस्कवर विंडोज ठेवायचं नाही हे ठरलंच. ४८० किंवा ५०० जीबीची साटा एसएसडी घ्या. बहुतेक कंपन्या आपलं क्लोनिंग, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल करणारं, सॉफ्टवेअर सोबत देतात. क्लोनझिला फुकट आणि चांगलं आहे, पण पूर्ण डिस्क उचलताना त्याला लक्ष्य मूळ डिस्कएवढं किंवा मोठं लागतं, इथे १ टीबीवरून लहानावर जायचंय म्हणून ते नको. सिस्टिम रिझर्व्हड, सी आणि रिकव्हरी एवढेच निवडा. डी-ई आता तिथून घ्यायचे नाहीत. आणि लक्ष्यावर सी चा आकार वाढवून रिकव्हरी शेवटी राहील असं बघा. जसंच्या तसं उतरवलंत तर सी च्या उजव्या बांधाला पुन्हा रिकव्हरीच येऊन बसेल आणि पहिल्या दिवशीचा पुसट एक्स्टेंड परत भेटेल.

क्लोन झाल्यावर मशीन बंद, जुनी डिस्क काढून ठेवा, फक्त एसएसडीवर सुरू करा. मूळ आणि क्लोन यांची डिस्क सिग्नेचर सारखीच असते. दोन्ही जोडून सुरू केलं तर विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं आणि गोंधळ उडतो. नीट सुरू झालं की बंद करून ४ टीबी जोडा. डी-ई ची अक्षरं विंडोजच्या रजिस्ट्रीत असतात, ती क्लोनबरोबर आपोआप येतील.

---

वेगवान | गुरुवार, रात्री १०:४०

रिकव्हरी पार्टिशन कुणी उगाच उडवू नका. २०२४ च्या जानेवारीत विंडोज १० चं एक अपडेट असंख्य लोकांकडे बसत नव्हतं, कारण ते पार्टिशन लहान पडत होतं. मायक्रोसॉफ्टने ते २५० एमबीने वाढवायला सांगितलं होतं. ताईंचं ४५० आहे, तर क्लोन करताना ते १००० एमबी करून टाका, सॉफ्टवेअर परवानगी देत असेल तर.

---

तांबडीमाती | शुक्रवार, सकाळी ७:००

ताई, राहिलेल्या एका पत्रिकेसाठी डीडीरेस्क्यू हवं असेल तर सांगा, फोनवरून करून देईन. पण तुमच्या ग्राहकाला ती लागणार नसेल तर जुनी डिस्क तशीच ठेवा.

आणि एक विचारते. आता सगळं ४ टीबीवर आहे, दुसरी प्रत कुठे? जुनी पिवळी डिस्क प्रत म्हणून धरता येणार नाही. एक बाहेरची डिस्क घ्या आणि ती दुकानात नाही, घरी ठेवा.

---

सातासमुद्रापार | शुक्रवार, सकाळी ९:१५

+१. धाग्याची वाचनखूण ठेवली आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हे मशीन शक्यतो इंटरनेटपासून दूर ठेवून फक्त पेजमेकरला वापरा आणि मेल दुसरीकडून बघा.

---

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ८:४५

झालं.

काल ४८० जीबीची एसएसडी आणली. क्लोनला चाळीस मिनिटं लागली. सी आता ४४५ जीबी, त्यात ३५० च्या वर मोकळे, रिकव्हरी शेवटी १००० एमबी. जुनी डिस्क काढून वर्तमानपत्रात नाही, ती आली होती तशा चंदेरी पिशवीत गुंडाळली, वर तारीख आणि ‘सी५ – ८, पुसू नये’ असं लिहून कपाटात ठेवली. लिपीच्या सॉफ्टवेअरने परत नोंदणी मागितली, विक्रेत्याने फोनवर दहा मिनिटांत करून दिली. काकांनी आधी सांगितलं नसतं तर मी रविवारी कुणाला शोधलं असतं?

बाहेरची २ टीबीची डिस्क मागवली आहे, ती घरीच राहील. दर शनिवारी दुकान बंद करून आले की प्रत घ्यायची असं मुलाने आणि मी ठरवलंय.

आज संध्याकाळी सगळ्यात आधी जीर्णोद्धाराची स्मरणिका उघडली. लिंक शोधण्याचा चौकोन आला नाही. पान १४ वर गेले, उजवीकडे बुवा होते. नवा स्कॅन जुन्यापेक्षा थोडा उजळ आलाय, कोपऱ्याची घडी या वेळी दिसत नाही.

---

जुनाखिळा | रविवार, रात्री ९:०२

त्या पानाची एक प्रत छापून बुवांच्या घरी फोटोबरोबर देऊन या.

---

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:१०

हो काका, उद्या सकाळी. आर्ट पेपरवर काढते.